आत्याबाईंचा साइडबोर्ड जेवणघरी दाखल जाहला त्याची हकिगत

समस्त जेवणघरांचे धनी, खणांचे किल्लेदार, ताटवाट्यांचे रखवालदार आणि जेवण उरकल्यावरही खुर्ची न सोडणारे रिकामटेकडे मातबर यांचे सेवेशी अर्ज ऐसा जे. आपणांकडून वारंवार पृच्छा जाहली की, दंतवैद्यीणबाईंचे घरी माणसे जेवावयास सरळ वाटेने न जाता वळसा घालून का जातात, आणि वाटेत थांबून दिवसाची खबरबात का देतात. त्याजवरून जे घडले ते जसे घडले तसे, आणि जिथे पुरेसे घडले नाही तिथे पदरचे थोडे घालून, लिहिले आहे. वाचणाराने जेवून वाचावे. उपाशीपोटी लांबण सोसत नाही.

त्या घरची दौलत मध्यम. पुढे दिवाणखाना, मागे स्वयंपाकघर आणि दोहोंचे दरम्यान जेवणघर. दिवाणखान्यातून जेवणघरात उतरावयास एकच चालते दार, तेही अरुंद. जेवणघराचे कुशीस दुसरे एक दार होते, ते मागल्या खोलीत उघडे, परंतु ते बंद पडोन जमाना लोटला होता. त्या मागल्या खोलीस दिवाणखान्यातूनही वाट होती. त्या वाटेने कोणी गेलेच तर बिघडलेला पंखा ठेवावयास जाई, आणि परत येताना दिवा मालवून येई.

या दौलतीचे यजमान भाऊसाहेब. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, कोणाचे किती नुकसान जाहले हे ठरविण्यात वाकबगार, आणि घरी भांडणाऱ्या उभय पक्षांस एकाच वेळी 'हो' म्हणण्यात त्याहून वाकबगार. त्यांजपाशी लग्नाआधीचा एक साइडबोर्ड होता. बारीक तिरके पाय, सरकती दारे, पोटात रेकॉर्ड वाजविण्याचे यंत्र आणि ताटवाट्यांपेक्षा वायरी अधिक. भाऊसाहेब त्यास 'विंटेज' म्हणत. त्यांचे कुटुंब त्यास 'ते' म्हणे.

कुटुंब म्हणजे बाईसाहेब, स्वतः दंतवैद्य. दिवसभर भल्याभल्यांस 'आ करा' ऐसे फर्मावून, आ केल्यावर त्यांस प्रश्न विचारून, आणि उत्तर देता येत नाही हे पाहून आपणच उत्तर देण्याची सवय. त्यांनी आपले पसंतीचा नवा साइडबोर्ड आणविला. पांढरा, झकझकीत, अंगास एकही कडी नाही, दाबले की उघडतो, आणि कमरेचा धक्का लागला तर न दाबताही उघडतो. तो चपट्या खोक्यांतून तुकड्यातुकड्याने घरात शिरला आणि कोणास कळायचे आत उभा राहून जेवणघराची मुख्य भिंत काबीज करिता जाहला. मग विंटेजास हटवून कुशीचे बंद दारापाशी नेले. तेथे तो दारास पाठ लावून बसला आणि दार होते हेही लोक विसरले.

येथे जाणत्यांनी सांगितलेला भेद नमूद करणे जरूर. जुन्या बाजारातील सौदागर म्हणतात, ज्याची किल्ली हरवली तो अँटिक, ज्याची किल्ली आहे पण लागत नाही तो विंटेज, आणि ज्यास किल्लीचे भोकच नाही तो मॉडर्न. ऐसे दोन प्रकार घरात सुखाने नांदत होते. तिसरा यावयाचा होता.

भाऊसाहेबांचे वडिलांची बहीण आत्याबाई. भाऊसाहेब लहानपणी पोरके जाहले ते यांचे हाताखाली वाढले. उभी हयात टेलिफोन खात्यात ऑपरेटर. ह्याचे बोलणे त्याजला जोडून द्यावे, दोघे भांडू लागले तर मध्येच तोडावे, आणि कोणी फार वेळ लावला तर खाकरून आठवण द्यावी, ऐशी चाकरी केली. आता गुडघ्यांनी दगा दिला. राहते घर तिसरे मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हा भाऊसाहेबांनी निरोप धाडला की, आमचेकडे यावे आणि आता कायमचे राहावे. त्याच सुमारास गावाबाहेरील वृद्धाश्रमानेही एक खोली राखून ठेविली आणि कळविले की, रविवार सायंकाळपर्यंत होय की नाही ते सांगावे, मागाहून दुसऱ्यास दिली जाईल.

आत्याबाईंनी विचार करून भाच्यास फोनवरून आपले एकच कलम सांगितले, ते येणेप्रमाणे.

"मी येईन रे. पण माझा साइडबोर्ड येणार, आणि तो जेवणघरात उभा राहणार. मागच्या खोलीत नाही. जिथे ताटं असतात तिथे माणसं येतात-जातात. मागच्या खोलीत ठेवलेल्या वस्तूवरची धूळसुद्धा कोणी पुसत नाही. नसेल जमत तर तसं सांग. आश्रमातली दारं चाकाच्या खुर्चीसाठी चांगली रुंद केलीत. मी आणि माझा साइडबोर्ड, आम्ही दोघं तिकडे जाऊ."

भाऊसाहेब म्हणाले, "हो, हो."

मग त्यांनी बाईसाहेबांस वर्तमान सांगितले. बाईसाहेब म्हणाल्या, "आत्या येऊ देत, खुशाल येऊ देत. पण ते धूड माझ्या भिंतीला लागणार नाही."

भाऊसाहेब म्हणाले, "हो, हो."

एकाच जिभेने दोन दौलतींस शब्द देऊन ते समयी भाऊसाहेबांची झोप उडाली. आत्याबाईंवर त्यांचा जीव. पोरवयात त्याच साइडबोर्डाचे खालचे खणात ते लपत आणि आत्याबाई अख्खे घर शोधल्याचे सोंग करीत. ती बाई आश्रमात जाऊन अनोळखी लोकांत बसली तर आपणांस घास गोड लागणार नाही हे ते जाणत होते, परंतु हे बाईसाहेबांस सांगावे कैसे हे जाणत नव्हते. तीन रात्री रदबदली चालली. चौथे दिवशी बाईसाहेबांनी, नवऱ्याचा उतरलेला चेहरा पाहून, मुख्य भिंतीचा डावा तुकडा, पांढरे साइडबोर्डापासून खिडकीपर्यंत, आत्याबाईंस बहाल केला. शर्त एक की, साइडबोर्डाने पांढऱ्याचे अंगास स्पर्श करू नये.

आता मोजमाप. येथेच या मोहिमेचा नाश आणि येथेच तिचा उद्धार, सबब सावध ऐकावे.

त्या घरी मोजणीचा टेप एकच, शिवणकामाचा, कापडी. पूर्वी पडद्यांचे मोहिमेत भाऊसाहेबांनी कापड कापताना कात्री ऐशी निर्धाराने चालविली की कापडाबरोबर टेपाचेही मुंडके उडाले. पहिले चार इंच गेले. तेव्हापासून तो टेप चारापासून सुरू होतो. दुसऱ्या घरी नवा टेप आणला असता. परंतु या घरी चालती वस्तू टाकीत नाहीत, आणि टेप तर चालत होता. फक्त त्याजवर आकडा येईल त्यातून चार वजा करावयाचे. ही गोष्ट घरात सर्वांस ठाऊक, आणि इतर लोक ती विसरतात हेही सर्वांस ठाऊक.

त्याप्रमाणे भाऊसाहेब टेप घेऊन आत्याबाईंकडे गेले. साइडबोर्ड पाहता सागवानी, वयाने काळवंडलेला, पायांस सिंहाचे पंजे, तीन खण, पैकी मधला खण कोणाचेही आठवणीत उघडलेला नाही, दोन्ही टोके निमुळती आणि मधले पोट बाहेर आलेले, जैसे काही दोन जेवणे जेवून उभा आहे. भाऊसाहेबांनी पोटाची जाडी मोजली, शहाणपणाने चार वजा केले आणि घरी येऊन आकडा सांगितला. बाईसाहेबांनी मनात म्हटले की, हे तर दरवेळी विसरतात, आणि न बोलता चार वजा करून आकडा सुतारास कळविला.

सुतार म्हणजे सरदार होऊनजाईल. नाव निराळे, परंतु कोणतेही काम सांगा, तोंडून 'होऊन जाईल' याखेरीज शब्द निघत नाही, म्हणोन लोक याच नावाने ओळखीत. स्वयंपाकघरातील फळ्यांचे वेळी त्यांस या टेपाचा प्रसाद मिळाला होता. त्यांनी आकडा ऐकला, गालातल्या गालात हसले, मनात चार वजा केले आणि म्हणाले, "होऊन जाईल."

एकाने दुसऱ्यावर भरवसा न ठेवणे हेच त्या दौलतीचे राजकारण, आणि ते राजकारण तिघांनीही इमानाने केले. त्या हिशेबाने साइडबोर्ड दोन्ही अंगांस बोटबोट जागा सोडून दारातून डौलात पार व्हावा.

मग रविवारी प्रातःकाळी कूच जाहले. हमालांची तुकडी आणि वरी त्यांचे मुकादम, अंगाने दांडगे, आवाजाने त्याहून दांडगे, ऐसे आत्याबाईंचे घरी गेले आणि जिन्याचे प्रत्येक वळणास एकेक शिवी अर्पण करीत साइडबोर्ड खाली उतरविते जाहले. आत्याबाई टेम्पोत चालकाशेजारी बसल्या आणि वाटभर मान मागे वळवून पाहत राहिल्या. चालक म्हणाला, "आजी, पडणार नाही ते." आत्याबाई म्हणाल्या, "पडायची भीती नाही रे. एकटं वाटेल त्याला."

दुपारचे सुमारास फौज घराशी येऊन थडकली. बाईसाहेबांनी उंबरठ्यावर उभे राहून पहिले फर्मान काढले की, "पाय पुसून या." हमालांनी पाय पुसले. मुकादमांनी मिशीही पुसली. सरदार होऊनजाईल यांनी जेवणघराचे दाराची फळी बिजागरीसह उतरवून बाजूस ठेविली, चौकटीवर हात फिरविला आणि स्वारीस इशारत दिली. दोन हमाल आणि सरदार आत, ओढावयास. मुकादम आणि दोन हमाल बाहेर, रेटावयास. बाईसाहेब आत, पांढऱ्याचे रक्षणास. भाऊसाहेब बाहेर, धीर देण्यास, आणि आत्याबाई दिवाणखान्यात खुर्चीवर, मांडीवर पर्स घट्ट धरून.

निमुळते टोक पुढे घालून साइडबोर्ड दारात शिरला. ऐसा सफाईने शिरला की मुकादम म्हणाले, "लोणी आहे, लोणी!" सरदार म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?" आणि एवढ्यात पोट चौकटीस येऊन भिडले. कर्र ऐसा आवाज जाहला, आणि मग कोणताही आवाज जाहला नाही.

रेटले, गेला नाही. ओढले, आला नाही. मग सर्वांनी मिळून 'हं' म्हणोन एकच जोर केला, तो साइडबोर्ड आणखी दोन बोटे पुढे सरकून ऐसा पक्का बसला की जणू चौकट त्याजभोवती नंतर बांधिली. अर्धा दिवाणखान्यात, अर्धा जेवणघरात, आणि न उघडणारा मधला खण बरोबर चौकटीत.

मुकादमांनी घाम पुसला आणि वदले, "साहेब, हे पुढं जायचं नाही."

"मागे?"

"मागं पण जायचं नाही."

मग भांडी घासण्याचा साबण मागविला, तो चोळला. खोबरेल मागविले, ते ओतले. दाढीचा फेस भाऊसाहेबांनी स्वतःचे कपाटातून काढून दिला, तोही थापला. साइडबोर्ड सुगंधी जाहला, परंतु हलला नाही. मग दोषाची चौकशी सुरू जाहली. बाईसाहेब आतून, साइडबोर्डावरून वाकून म्हणाल्या, "अहो, तुम्ही नीट मोजलं होतं ना?"

"नीट म्हणजे? चार वजा करून सांगितलं मी!"

"तुम्ही केले वजा?"

"मग? करायचेच असतात."

"अहो, मीपण केले!"

उभयतांनी एकमेकांकडे पाहिले, आणि मग दोघांनी मिळून सरदारांकडे पाहिले. सरदार होऊनजाईल छताकडे पाहत होते. "दादा," बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा?"

"बाई, तुमचा तो टेप म्हणजे... मागच्या वेळी फळ्या भिंतीबाहेर आल्या होत्या ना. म्हणून म्हटलं, आपण आपलं सावध असावं."

आत्याबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "तिघं शहाणे एका लाइनवर आले की असंच होतं. कोणीतरी एकानं फोन ठेवून द्यायचा असतो."

आता वेढ्याची अवस्था पाहावी. स्वयंपाकघर जेवणघराचे पलीकडे, म्हणजे सारी रसद आत. भुकेली फौज बाहेर. ते समयी बाईसाहेबांनी आतून चहा करून कपबशा साइडबोर्डाचे पाठीवरून सरकवून दिल्या. तेल आणि साबण चोळलेले, सबब कप घसरगुंडीवर आल्यासारखे सुळकन येत, आणि मुकादम ते झेलीत. चौथा कप झेलताना मुकादम म्हणाले, "बाई, कपाट आहे तसंच राहू द्या, चहाला बरं पडतंय." सर्व हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या कोणास न सांगता उठल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवीत मागल्या खोलीकडे गेल्या. ते कोणाचे ध्यानी आले नाही.

ऐसियात बाईसाहेबांचा फोन वाजला. एक गृहस्थ दाढदुखीने कासावीस होऊन दवाखान्याचे दाराशी उभे होते. जाणे प्राप्त. परंतु जावे कैसे? हमाल साइडबोर्डावरून चढून पार होत होते, परंतु बाईसाहेबांनी त्या साबणाचे डोंगराकडे एकवार पाहिले आणि म्हणाल्या, "मी वरून येणार नाही. मला या गावात तोंड दाखवायचंय." तेव्हा सरदारांनी डोके खाजवीत विंटेजाचे बाजूस बोट दाखविले आणि म्हणाले की, याचे पाठीशी एक दार असावे, बिजागऱ्यांच्या खुणा दिसतात.

भाऊसाहेब बाहेरून ओरडले, "अगं, हळू! आत रेकॉर्डी आहेत!" परंतु तोवर हमालांनी विंटेज उचलून बाजूस केला होता. कडी ओढिली. गंजलेली कडी कुरकुरली, दार फुगलेले होते ते खांद्याने लोटिले, आणि बाईसाहेब एका दमात मागल्या खोलीत येऊन पडल्या.

ती खोली त्यांनी त्या दारातून कधी पाहिली नव्हती. दिवाणखान्याचे बाजूने पाहता ती पाहुण्यांची खोली दिसे. या बाजूने पाहता ती जैशी होती तैशी दिसली. एक व्यायामाची सायकल, तिजवर वाळत घातलेली चादर, सूटकेशींचा बुरूज, दोन बिघडलेले पंखे, आणि या साऱ्यांचे मध्ये, थोडी जागा करून, आत्याबाईंचा पलंग. त्या पलंगावर आत्याबाई बसलेल्या. आल्याआल्या उघडलेली पिशवी पुन्हा भरलेली, आणि हातात फोन.

"अगं बाई! तू कुठून आलीस?"

"भिंतीतून," बाईसाहेब अंगावरची धूळ झटकीत म्हणाल्या. "तुम्ही कोणाला फोन लावताय?"

"आश्रमाला. संध्याकाळच्या आत सांगायचंय त्यांना." आत्याबाईंनी पिशवीचा बंद ओढला. "तुझा काही दोष नाही गं, सूनबाई. जागा केलीस तू, मला माहितेय. पण जे मावत नाही ते मावत नाही. त्या सुताराला म्हणावं पाय कापून मोकळं कर ते. पाय कापलेलं कपाट तिकडे चालेल. तिकडे सगळ्यांचेच गुडघे गेलेत."

बाईसाहेबांनी आयुष्यात प्रथमच समोरच्याने आ न करता स्वतः आ केला.

तेवढ्यात दिवाणखान्याचे दाराशी भाऊसाहेब येऊन उभे राहिले. आत्याबाईंनी त्यांजकडे पाहून विचारिले, "जाऊ ना रे मी?"

सवयीने 'हो' यावयाचा. ओठ तसे जाहलेही. परंतु आतून काही निराळेच वर आले आणि भाऊसाहेब म्हणाले, "नाही."

त्या घराचे इतिहासात भाऊसाहेबांचे मुखातून निघालेला हा पहिला नकार. बाईसाहेब चमकल्या. आत्याबाईही चमकल्या. सर्वांत अधिक भाऊसाहेब चमकले, आणि धीर चेपल्यावर पुन्हा एकदा म्हणाले, "नाही म्हणजे नाही."

इतक्यात दिवाणखान्यातून खर्रर्र ऐसा आवाज आला. सरदार होऊनजाईल यांनी फावल्या वेळात साइडबोर्डावरून चढून बाहेर येऊन करवत काढून अलीकडील सिंहाचे पंजावर ठेविली होती. बाईसाहेब वाऱ्यासारख्या तेथे पोचल्या. "थांबा! करवत खाली!"

"बाई, पाच मिनिटांचं काम. होऊन जाईल."

"मी सांगते ना, थांबा." मग आपले पर्समधील छोटी बॅटरी काढून त्या वाकल्या. चौकटीची फट पाहिली. बोटाचे सांध्याने लाकूड ठोकून ऐकिले. दोन्ही हात लावून हलविले.

"हलतंय का?"

"नाही हो, कुठलं हलतंय," मुकादम म्हणाले.

"भिंतीला तडा? चौकट फुटली?"

"नाही बाई."

"कोणाला काही दुखतंय?"

मुकादमांनी विचार करून सांगितले की, त्यांची पाठ दुखते, पण ती आधीपासून.

बाईसाहेब ताठ उभ्या राहिल्या आणि दवाखान्यात देतात तैसा निकाल दिला. "ही अक्कलदाढ आहे. आडवी आलीय, पण मुळं पक्की आहेत. आडवी असली, पण त्रास देत नसली, की मी हात लावत नाही. उपटायला गेलं की जबडा फुटतो. राहू दे."

"राहू दे म्हणजे? इथे? दारात?" सरदारांचा आवाज चिरकला. "अहो पण मग जेवायला जायचं कुठून?"

"मी आले तिथून."

मग सर्वांनी मागल्या खोलीकडे पाहिले. आत्याबाई दाराशी येऊन उभ्या होत्या. फोन अद्याप हातात.

"पण सूनबाई, मी म्हटलं होतं जेवणघरात उभं राहील."

"अर्धं उभं आहे की, आत्या."

आत्याबाईंनी साइडबोर्डाकडे निरखून पाहिले. अर्धा आत होता ही गोष्ट खरी. त्या म्हणाल्या, "ऑपरेटर असताना मी पुष्कळ अर्धवट लागलेले कॉल लागले असं धरून घेतलंय. हाही लागला म्हणायचा." आणि पिशवीचा बंद सोडिला.

मग त्याच सायंकाळी तह लिहिला न जाता चहा पितापिता ठरला. मुख्य भिंत पांढऱ्याची पांढऱ्याकडेच राहिली, त्याजला कोणी स्पर्श केला नाही, आणि इतके करून तो स्वतःच दोनदा उघडला. विंटेज मागल्या खोलीत, पंखे आणि सूटकेशी हटवून केलेल्या जागेत गेला. तेव्हापासून भाऊसाहेब संध्याकाळी रेकॉर्ड ऐकावयास तेथेच बसतात आणि आत्याबाई तबकडी संपली की खाकरतात. व्यायामाची सायकल मुकादमांस बक्षीस दिली. ती नेताना त्यांनी तिजवर बसून एक चक्कर मारून पाहिली, परंतु ती जागची हलली नाही, आणि मुकादम म्हणाले की आज दिवसच तसा आहे. सरदार होऊनजाईल यांस नवा टेप आणावयाचा हुकूम जाहला. तो त्यांनी आणिला. मग तुटका फेकावा की काय यावर मसलत जाहली, आणि चालती वस्तू टाकू नये ऐसे ठरून तोही ठेविला. सांप्रत घरात दोन टेप आहेत, आणि हाती आलेला कोणता हे पक्के नसल्याने प्रत्येक जण सावधगिरीने चार वजा करितो. दाढदुखीचे गृहस्थ मात्र अंधार पडेतो दवाखान्याचे पायरीवर बसून होते. बाईसाहेब पोचल्या तेव्हा ते काही सांगू लागले, परंतु बाईसाहेबांनी 'आ करा' म्हटले आणि तो विषय मिटला.

आणि आत्याबाईंची खोली? ती खोली राहिली नाही, नाका जाहला. सकाळचा चहा, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण, मध्यंतरी कोणास बिस्कीट आठवले, कोणास पाणी, ज्यास म्हणोन जेवणघर गाठावयाचे त्यास आत्याबाईंचे पलंगाशेजारून जाणे भाग. दारात उभे राहून 'येऊ का?' विचारावयाचे, आणि परवाना जकात घेतल्याखेरीज मिळत नाही. जकात म्हणजे खबर. भाऊसाहेबांनी ऑफिसातील सांगावी. बाईसाहेबांनी दवाखान्यातील सांगावी, कोण कळवळला, कोण घाबरला, कोणाची कवळी कोणाचे खिशात सापडली. एकदा भाऊसाहेब घाईत तोंडातल्या तोंडात 'काही विशेष नाही' म्हणोन निघू लागले तो पलंगावरून हुकूम जाहला, "थांब. आवाज नीट येत नाहीये. पुन्हा बोल." ते परतले, काठावर बसले, आणि साहेबाशी जाहलेले भांडण सारे सांगून मगच जेवावयास गेले. ते समयी आधी गार जाहलेले अन्नही त्यांस गोड लागले म्हणतात.

त्या रविवारी मात्र एक गोष्ट व्हावयाची राहिली होती. रात्रीचे ताट वाढून जाहले, आणि आश्रमाचा फोन आला. सायंकाळ उलटून गेली, आजीबाई, तुमचे काय ठरले, खोली ठेवावी की द्यावी, ऐसे पलीकडील बाईने विनयाने विचारिले. ते समयी भाऊसाहेब एका हाती पाण्याचा रिता जग घेऊन पलंगाशी 'येऊ का' म्हणोन उभे, बाईसाहेब कुशीचे दारातून उलट दिशेने त्यांसच जेवावयास बोलावण्यास निघालेल्या, आणि मुकादम सायकल नेल्यावर गमछा विसरला म्हणोन पुन्हा आलेले. तिघेही एकाच वेळी त्या अरुंद वाटेत अडकून 'तुम्ही आधी', 'नाही, तुम्ही आधी' करीत होते.

आत्याबाईंनी एकवार त्या गर्दीकडे पाहिले, घसा खाकरला, पाठ ताठ केली, आणि चाकरीतील तोच सरकारी आवाज काढून फोनमध्ये म्हणाल्या, "या मार्गावरच्या सगळ्या लाइनी व्यस्त आहेत. कृपया पुन्हा फोन करू नये."

आणि लाइन तोडिली.

येणेप्रमाणे जेवणघराचा कोट न पडता, सिंहाचा पंजा न तुटता, आणि पांढऱ्याचे अंगास ओरखडा न येता साइडबोर्ड दाखल जाहला, निम्मा आत आणि निम्मा बाहेर, परंतु फत्ते पुरती जाहली, ऐसे सर्वांचे समक्ष नमूद केले. मधला खण अद्याप उघडला नाही. त्याची निकड कोणास नाही. सुज्ञांस कळावे, आणि कोणी त्या घरी जेवावयास गेलेच तर जाताना एखादी ताजी खबर बरोबर न्यावी, रित्या हाताने आत सोडीत नाहीत.